तांबट आळीसाठी उरलेले तीन शब्द

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पूर कचेरीतला ‘पळा’ हा शब्द संपला. तो शेवटचा मराठी इशारा होता. ‘सावध’, ‘धोका’, ‘जपून’ हे आधीच्या पुरांत खर्ची पडले होते. या कचेरीत इशाऱ्याचा शब्द एकदाच वापरता येतो. नंतर तो लिहिता येतो, पण तोंडातून निघत नाही. आमचं वर्तमानपत्र सकाळी पोचतं. वरचा बंधारा फुटला होता आणि पाणी साडेचारला पोचणार होतं.

मी बातमीदार, रोजच्यासारखा पाण्याची पातळी टिपून घ्यायला आलो होतो. बाकीच्या आळ्यांना शब्द पुरले. तांबट आळी राहिली. तिथे एकच फोन आहे, माझ्या धाकट्या बहिणीच्या, वच्छीच्या घरी.

“काय उरलंय?” मी विचारलं.

“इंग्रजी,” घाणेकर बाई म्हणाल्या. त्या बावीस वर्षं इथे कारकून आहेत. “साहेबाच्या वेळचे तीन. कुणाला धड म्हणता येईनात, म्हणून उरले.”

समोरच्या भिंतीवर पत्र्याच्या तीन पाट्या होत्या. मोनिशन, म्हणजे ताकीद. टॉक्सिन, विषाचा नव्हे, जुना शब्द, म्हणजे धोक्याची घंटा. हार्क, म्हणजे ऐका. भिंत या पाट्यांनी मागे धरलेली असते. शब्द म्हणायचा तर त्याची पाटी काढावी लागते, आणि एक काढली की भिंत पाच फूट पुढे येते. साहेबाच्या वेळी ही खोली एक फर्लांग लांब होती आणि कारकून आत सायकलवरून फिरत. आता एक टेबल, त्याला स्क्रूने बसवलेला फोन, दोन खुर्च्या आणि डाव्या हाताला दार एवढंच मावत होतं.

आधी मी पाट्यांशिवाय प्रयत्न केला.

“वच्छी, पाणी...”

“आलंय की नळाला. भरतेच आहे. अण्णा, जेवलास का तू?”

“येतंय.”

“कोण येतंय? आधी सांगायचं नाही का, भात टाकला असता.”

दोन्ही शब्द वेगवेगळे गेले. एकत्र म्हटले की तो इशारा होतो, आणि तो कधीच खर्ची पडला होता; माझे ओठ हलले आणि तार मुकी राहिली. ‘वर जा’चंही तेच झालं.

बाईंनी पहिली पाटी काढून माझ्या हातात दिली. भिंत पुढे आली. निम्मं दार तिच्यामागे गेलं. बाईंनी पर्स उचलली.

“जायचं तर आत्ता, भाऊसाहेब. पुढच्या पाटीला दार राहणार नाही.”

“आणि फोन?”

“तो इथलाच.”

“तुम्ही निघालात?”

“माझं घर टेकडीवर आहे,” त्या म्हणाल्या आणि अंग चोरून उरलेल्या दारातून बाहेर पडल्या. मी रिसीव्हर कानाला लावला.

“मोनिशन.”

“काय ते?”

दुसऱ्यांदा शब्द निघाला नाही.

“माझ्यावर इंग्रजी झाडू नकोस हं. तुझी शाळा चालावी म्हणून मला तिसरीतून काढली. इंग्रजी तुझ्या वाट्याला आलं, माझ्या वाट्याला भांड्यांची राख.” ती हसत होती. “बरं, अर्थ सांग.”

अर्थ मराठीत होता. मी तो सांगितला, तार मुकी राहिली.

“बघ, तुलाही येत नाही,” वच्छी म्हणाली.

चार वाजून सात मिनिटांनी मी दुसरी पाटी काढली. दार गेलं.

“टॉक्सिन.”

“औषधाचं नाव दिसतंय. कुणाला बरं नाही? अण्णा, तुझं बीपी...”

“मी बरा आहे.”

“मग हे काय चाललंय? थांब जरा, पायाशी गार लागतंय. मोरीतनं उलटं वर येतंय, तुंबली वाटतं.”

“मोरी नाही.” एवढं गेलं.

“मग काय?”

पुढचं गेलं नाही.

तिसरी पाटी काढल्यावर माझ्या खुर्चीपुरती जागा उरणार होती. मी चार एकवीसला ती काढली. टेबल सरकलं, त्याची कड छातीला लागली. खुर्चीची पाठ मागच्या भिंतीला टेकली.

“वच्छी, एक नवा शब्द शिकवतो. मी एकदाच म्हणेन. तू तो आळीभर ऐकू जाईल असा ओरडायचा.” हे मी हसत म्हटलं, म्हणून गेलं.

“या वयात कसली शाळा रे?”

“राहिलेली.”

“म्हण,” ती म्हणाली.

“हार्क.”

तिने रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खिडकीची कडी.

“हार्क! ए, हार्क!” आळीत शब्दांना कचेरीचा नियम नाही. ती ओरडतच राहिली. “हार्क!”

तांब्यावर पडणारे हातोडे एकेक करून थांबले. समोरच्या नलूवहिनीचा आवाज आला. “वच्छे, काय विकतेस गं?”

“मला काय ठाऊक? अण्णाने शिकवलंय!”

बायका हसल्या. एक पोर ‘हार्क’ म्हणालं, मग दुसरं. वच्छी धापा टाकत फोनवर आली.

“अण्णा, अरे सगळी आळी बाहेर आली!”

“गच्चीवर की गल्लीत?” मी विचारलं. ओठ हलले. तार मुकी राहिली.

“अण्णा?”

चार वाजून सव्वीस मिनिटं झाली आहेत. माझ्यासमोर भिंत आहे आणि तिच्यावर खिळ्यांची तीन भोकं. रिसीव्हर कानाला आहे. नलूवहिनी ओरडून विचारते आहे, पुढे काय म्हणायचं.