टेबलाच्या पायाखालची पुस्तिका

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. पाठ मोडलेली, कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर चहाच्या कपांचे तीन गोल. आताशा बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगते.

मुक्या जनावरांचे हाल करणाऱ्यांना कायद्याने कसं अडवायचं, ते माझ्यात लिहिलं आहे. जनावरांच्या एका डॉक्टरबाईंनी आणि एका वकिलांनी दोन वर्षं डोकेफोड करून मला तयार केलं, ते प्राणी निरीक्षकांसाठी. उपाशी कुत्रा आणि मुळातच काटकुळा कुत्रा यांतला फरक, चावऱ्या जनावराला धरायची रीत, शेजाऱ्यांचा जबाब, सगळं आहे माझ्यात. आम्ही चाळीस जणी एका खोक्यातून या ऑफिसात आलो. बाकीच्या एकोणचाळीस कुठे गेल्या, देव जाणे.

माझं नशीब बरं, मी मोठ्या साहेबांच्या हाती लागले. गाडीत त्यांच्या शेजारी माझी जागा असे. त्यांनी मला कोळून प्यायलं होतं, तरी गाडीतून उतरण्याआधी एकदा चाळायचेच. ड्रायव्हरकाकांना म्हणायचे, "अहो, पाठ असतं सगळं. पण समोर जनावर विव्हळायला लागलं की डोकं चालत नाही." माझ्या पान एकतीसवर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'आधी फोटो, मग माप, मग पाणी. जीव तुटतो. तुटू दे.'

साहेब निवृत्त झाले आणि मॅडम आल्या. त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कुणीतरी मला त्याखाली सरकवलं. "वा, काय फिट्ट बसलं!" म्हणून सगळे खूश झाले. इतकं कौतुक माझं आत वाचूनसुद्धा कुणी केलं नव्हतं. सहा वर्षं मी ते टेबल पेललं. वाईट वाटायचं, नाही असं नाही. मग वाईट वाटायचाही थकवा आला.

एक दिवस ड्रायव्हरकाका ऑफिसात येऊन धपकन बसले, आणि काय झालं ते मी टेबलाखालून ऐकलं. एका गॅरेजच्या मागे एक भुरी कुत्री बांधलेली होती. साखळी जेमतेम दीड हात. गळ्यातली तार मांसात रुतलेली, पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत. मॅडमना बघवलं नाही. त्यांनी धावत जाऊन तार कापली, भांडं भरलं, कुत्रीला उचलून गाडीत घातलं. फोटो काढले ते दवाखान्यात, पट्टी बांधून झाल्यावर.

मित्रांनो, त्यात मॅडमचं मन वाईट नव्हतं हो. चांगलं होतं, म्हणूनच चुकलं.

कोर्टात गॅरेजवाला म्हणाला, "माझी कुत्री मजेत होती. जखम यांच्याच गाडीत झाली असेल." न्यायाधीशांनी पुरावा मागितला. मॅडमकडे होता तो स्वच्छ पट्टीतल्या कुत्रीचा फोटो. कुत्री परत करायचा हुकूम झाला. मॅडम स्वतःच तिला पोचवायला गेल्या. गॅरेजपाशी गाडीचं दार उघडलं, तर ती सीटखाली शिरून बसली. मॅडमनी तिला ओढून बाहेर काढलं. ओढताना ती त्यांचा हात चाटत होती.

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान एकतीस माझ्या पोटात होतं, आणि मी टेबल सांभाळत बसले होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी टेबल उचलून मला बाहेर काढलं. "मॅडम, हे मोठ्या साहेबांचं पुस्तक. मी आधीच द्यायला हवं होतं. चुकलंच माझं." मॅडमनी पान एकतीस वाचलं. मग मला मिटून, माझ्यावर डोकं टेकून बराच वेळ बसल्या. माझी आधीच मोडलेली पाठ त्या दिवशी ओली झाली.

तीन आठवड्यांनी गॅरेजशेजारच्या आजींचा फोन आला. भुरी पुन्हा तशीच बांधलेली, पुन्हा तार. या खेपेला मी मॅडमच्या काखेत होते. भुरीने त्यांना लगेच ओळखलं. उठता येत नव्हतं, बसल्या बसल्याच शेपटी हलवायला लागली. काका पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून उभे. "द्या ना हो मॅडम, दोन घोट."

"थांबा काका," मॅडम म्हणाल्या. डोळे पुसत पुसत त्यांनी कोरड्या भांड्याचा फोटो काढला. मग तारेचा. मग साखळीला टेप लावून मापाचा. भुरीची शेपटी हलतच होती. मग मॅडमनी पाणी दिलं.

या वेळी न्यायाधीशांनी फोटो पाहिले आणि भुरीला गॅरेजवाल्याकडून कायमचं काढून घेतलं. भुरी आता काकांच्या घरी असते आणि काकूंच्या चपला चावते.

मी पुन्हा गाडीत असते. साहेबांच्या पेन्सिलीखाली मॅडमनी पेनाने लिहिलंय, 'मोजलं. एक मिनिट लागतं.'

मित्रांनो, मी थकले आहे, फार काही मागत नाही. तुमच्याही ऑफिसात, शाळेत माझ्यासारखी एखादी कशाखाली तरी दबलेली असेल. तिला काढा, झटका, वाचा. टेबल डगमगलं तर चहा सांडेल, एवढंच. भुरीला मात्र पहिल्या खेपेला न दिलेल्या त्या एका मिनिटापायी तीन आठवडे पुन्हा तारेत काढावे लागले.