चिमट्याच्या पुढची अकरा पानं

कौशल्या गेली त्या दिवशी मी तो फोन दोनदा कापला. अनोळखी नंबर होता. दुपारी अशा नंबरांवरून रोज कुणीतरी कार्ड घ्या म्हणून मागे लागतं. तिसऱ्यांदा उचलला तो ओरडतच, "मला काही नको!" पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, मी मंडईतून बोलतोय, कैरीवाला. मावशी चक्कर येऊन पडल्यात."

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. सहा मे. लोणच्यासाठी तिने तीन किलो कैरी कापून घेतली होती. ती पिशवी घेऊन कैरीवाला बिचारा दारात उभा होता. मी पिशवी घेतली आणि संध्याकाळपर्यंत हातात धरून बसलो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या विजयमालाबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "कापलेली कैरी थांबत नाही," एवढंच म्हणाल्या. तेराव्याला लोणच्याची बरणी घरी आली.

मी वैजनाथ. परभणीकडचा. बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होतो, आता रिटायर होऊन कात्रजला असतो. आठवीपर्यंत शिकलो. वाचन म्हणजे पेपर, तोही मागच्या पानावरून.

तेरावं झालं, मुलगी नम्रता नागपूरला परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिघीजणी भेटायला आल्या. विजयमालाबाई, शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेल्या. आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर कधी लावायची ते त्या ठरवतात. मथुराबाई, वय पंचाहत्तर. ही सोसायटी त्यांच्या शेतावर उभी आहे. पार्किंगवरून भांडण झालं की "हितं माजा गोठा हुता" म्हणून सगळ्यांना गप्प करतात. आणि शेजारची स्वराली, नुकतीच बारावी दिलेली.

तिघी बसल्या. पाणी घेतलं. कौशल्याबद्दल चांगलं बोलल्या. मग बोलणं संपलं तरी उठेनात. तिघींची नजर कॉटच्या उशाकडे जाऊन परत येत होती. शेवटी मथुराबाईंना धीर निघेना.

"भाऊ, त्ये पुस्तक हितंच हाय का?"

"मथुराबाई!" विजयमालाबाई म्हणाल्या. "काल तेरावं झालं तिचं."

"म्हणून तर आज इचारती."

उशाशी एक गुलाबी पुस्तक होतं. शेवटच्या पानांना कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावलेला. मी ते रोज बघत होतो, पण हात लावला नव्हता.

मग मला सगळं कळलं. परीक्षा संपल्यावर स्वरालीला करमेना. तिने शनिवार पेठेतल्या दुकानातून तरुण पोरापोरींच्या प्रेमाच्या आणि मैत्रीच्या कादंबऱ्या आणल्या, आणि कौशल्या धरून या चौघींनी पुस्तकांची भिशी काढली. पुस्तक एकच. चिठ्ठ्या टाकायच्या, नंबर येईल तसं वाचायचं. पण शेवटच्या पानांना चिमटा. सगळ्यांनी चिमट्यापर्यंत वाचायचं, मग शेवट काय होणार ते प्रत्येकीने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. डब्याला टेप. मग पुन्हा नंबराने चिमटा काढून शेवट वाचायचा. सगळ्यांचा वाचून झाला की डबा उघडायचा. जिचं बरोबर, ती पुढचं पुस्तक निवडणार.

या पुस्तकाच्या चारही चिठ्ठ्या डब्यात होत्या. स्वरालीचा आणि विजयमालाबाईंचा शेवट वाचून झाला होता. तिसरा नंबर कौशल्याचा होता. चौथा मथुराबाईंचा.

"म्हणजे तिची चिठ्ठी आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"डब्यात आहे," विजयमालाबाई म्हणाल्या.

"मला द्या."

"देता येत नाही. डबा मधे उघडत नाही."

"अहो, ती गेली."

"मला माहीत आहे ती गेली," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचे रिकामे पेले एकात एक घातले. मग पुन्हा ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या, "भिशीतलं माणूस मधेच गेलं तर घरातलं कुणीतरी पुढे चालवतं. रीत आहे. तिच्या नंबरावर तुम्ही वाचा."

"काका, एकदम सोप्पं आहे," स्वराली म्हणाली. "दोन दिवसांत लिटरली संपेल."

"नऊ लागतील," विजयमालाबाई म्हणाल्या.

नऊच लागले.

मी वाचायला बसलो ते त्या चिठ्ठीसाठी. कौशल्याच्या हातचं, मी न वाचलेलं, असं जगात तेवढंच उरलं होतं. एरवी तिने लिहिलेलं म्हणजे वाणसामानाची यादी, आणि ती मला पाठ होती.

पुस्तकात तारिणी नावाची मुलगी. तिची जिवाभावाची मैत्रीण झोया. आर्यमन नावाचा पोहणारा मुलगा, गालाला खळी. आणि नील, लहानपणापासून शेजारी राहणारा, तारिणीच्या सायकलचं पंक्चर काढून देणारा. तारिणी खळीवर भाळते, झोयाशी भांडते, आणि नील दोनशे पानं गप्प. पहिल्या दिवशी मला वाटलं, यात वाचण्यासारखं आहे काय? तिसऱ्या दिवशी कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी मी उठलो नाही. वरणाची पेस्ट झाली.

मला ती पुस्तकं आवडली, उगाच का खोटं बोला. त्यांत कुणाचा बीपी वाढत नाही. कुणाला दवाखान्यातून फोन येत नाही. मेसेजवर निळी खूण आली आणि उत्तर आलं नाही, या एका दुःखावर चार पानं जातात, आणि आपणही तारिणीबरोबर चार पानं फोनकडे बघत बसतो. माझ्या डोक्यातलं दुसरं काही तेवढा वेळ बंद पडायचं.

फक्त एका ठिकाणी मी पेन्सिलने लिहिलं. नील दोन मिनिटांत पंक्चर काढतो, ट्यूब पाण्यात न बुडवता. मी बाजूला लिहिलं, "अशक्य. भोक कसं कळलं?" विजयमालाबाईंनी ते पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "पुस्तक आहे ते, जॉबकार्ड नाही."

याच काळात माझं शंभूशी भांडण झालं. शंभू आमच्याकडे पंधरा वर्षं दुधाच्या पिशव्या टाकतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कौशल्या त्याच्या खाड्यांना फुली मारायची. मी एप्रिलचं पान पाहिलं तर अकरा फुल्या! सकाळी त्याला दारातच धरला.

"शंभू, ती गेली म्हणून कुणी विचारणार नाही असं समजू नको. एप्रिलमध्ये अकरा खाडे?"

"काका, देवाशपथ, एक दिवस चुकलो नाही. आईचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशीसुद्धा आलो."

"ती उगाच फुल्या मारेल का?"

"मावशी उगाच मारणार नाहीत," तो म्हणाला. "पण मी पण उगाच आलो नाही."

मी त्याचं दूध बंद केलं. दोन दिवस कोरा चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी स्वराली माझी प्रगती बघायला आली आणि कॅलेंडरसमोर उभी राहून हसायला लागली.

"काका, हे दुधाचं नाही. खाली आकडे बघा ना. चौतीस, एक्कावन्न, अठ्ठावन्न. पान नंबर आहेत. आर्यमन जिथे जिथे खोटं बोलला तिथे काकूंनी फुली मारलीय!"

पुस्तक काढून पाहिलं. पान चौतीस: आर्यमन म्हणतो, मी सिंगल आहे. फुली. पान एक्कावन्न: फोनची बॅटरी गेली होती. फुली. आमच्या कौशल्याने पोराचे खाडे मांडून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी शंभूची माफी मागितली. तो म्हणाला, "ते जाऊ द्या, पण हा आर्यमन कोण?" सांगावं लागलं. जिन्यात उभं राहून अर्धा तास सांगितलं. तेव्हापासून रोज पिशवी देताना तो विचारतो, "आज काय खोटं बोलला?"

नवव्या दिवशी मी चिमट्यापाशी आलो. तारिणी झोयाच्या दारात उभी आहे, मागे फाटकाशी नील, फोनवर आर्यमन. ती बेल वाजवते. पुढे चिमटा.

मी चिमट्याला हात लावला आणि थांबलो. ही पानं वाचली की मथुराबाई वाचणार. त्यांचं झालं की डबा उघडणार. डबा उघडला की कौशल्याचं शेवटचं नवं वाक्य मी वाचणार. आणि त्यानंतर नवं काही येणार नाही. मी पुस्तक मिटून चहा ठेवला.

त्यानंतर मी थापा मारायला लागलो. चष्म्याचा नंबर बदललाय. डोकं दुखतंय. दात काढला. मधल्या काळात स्वराली दुसरी पुस्तकं आणून द्यायची, ती मात्र मी वाचत होतो. मैत्रिणी गोव्याला जातात ते वाचलं. दोन शेफ एकमेकांवर जळतात आणि मग जळत नाहीत, ते वाचलं. जून संपत आला तेव्हा माझी पाच झाली होती.

आणि इकडे मथुराबाई. मी जिन्यात दिसलो की त्या थांबायच्या. "भाऊ, माजं वय झालं. त्या पोरीनं कुनाला पसंत केलं ते कळल्याबिगर वर गेले तर कौशल्या मला काय इचारंल?" मी म्हणायचो, उद्या नक्की.

स्वरालीला बंगळूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. रविवारी सकाळी निघणार. शनिवारी संध्याकाळी तिघी आंबा आइस्क्रीम आणि टेप लावलेला डबा घेऊन माझ्याकडे आल्या. जुना चिवड्याचा डबा, टेपवर विजयमालाबाईंची सही.

"वाचलं?" त्यांनी विचारलं.

"जरा डोळे..."

"पाच पुस्तकं वाचली तुमच्या डोळ्यांनी. या अकरा पानांशीच वैर आहे का?"

स्वराली उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून हाक मारली, "काका, इकडे या." कॅलेंडरवर जूनच्या पानावर सात फुल्या होत्या, तिनेच मारलेल्या. "चष्मा. डोकं. दात. पाहुणे. पुन्हा दात. लाइट. आणि आज डोळे. काका, यू आर टोटली आर्यमन."

हे मला लागलं. मी तिथेच ओट्याला टेकून सांगितलं. म्हटलं, मी वाचणार नाही, कारण मग डबा उघडेल. तिचं बोलायचं अजून एवढं एक राहिलंय. ते संपलं की संपलं.

बाहेरच्या दोघी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. आइस्क्रीम पातळ होत होतं.

मग विजयमालाबाई म्हणाल्या, "हे पहिल्या आठवड्यात सांगायला काय झालं होतं? महिनाभर त्या नीलला शिव्या घालताय, तोंड उघडत नाही म्हणून. पंक्चरवर टीका करताय!"

"आन माजं काय?" मथुराबाई म्हणाल्या. "त्येंचं दुःख खरं हाय, पन माजं वय बी खरं हाय."

तेही बरोबर होतं. मी विजयमालाबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भिशीचा नियम मोडताना त्यांना किती त्रास झाला ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"चौथा नंबर तिसऱ्याच्या आधी वाचेल," त्या म्हणाल्या. "एकदाच. पायंडा समजू नये."

मथुराबाईंनी बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्ची ओढली, चिमटा काढून पदराला लावला आणि वाचायला लागल्या. त्या चौथी शिकलेल्या. बोट ठेवून, ओठ हलवून, अर्धवट मोठ्याने वाचतात. "ता-रि-णी म्हना-ली..." एवढं ऐकलं आणि मी धावत जाऊन मिक्सर सुरू केला. भांडं रिकामं होतं. दर दोन मिनिटांनी मिक्सर तापायचा, मी बंद करायचो, "आगं बया" ऐकू यायचं, मी पुन्हा सुरू करायचो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, एवढं काय वाटताय?

पाऊण तासाने मथुराबाई स्वयंपाकघरात आल्या. डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. पुस्तकाला चिमटा होता तसा लावलेला. पुस्तक माझ्या हातात दिलं.

"लई ग्वाड हाय, भाऊ. सावकाश वाचा. मी काय बोलत न्हाय."

"चेहऱ्याने पण बोलू नका," विजयमालाबाई म्हणाल्या.

आम्ही आइस्क्रीम प्यायलो, कारण खाण्यासारखं राहिलं नव्हतं. निघताना स्वराली माझ्या पाया पडली आणि म्हणाली, दिवाळीत येईन, तेव्हा पुढचं पुस्तक आणेन, निवडणार कोण ते मात्र डबा सांगेल. मी जिन्यापर्यंत गेलो. परत आलो तर विजयमालाबाई डबा फ्रिजवर ठेवत होत्या.

"हा इथेच असू द्या," त्या म्हणाल्या. "टेपवर माझी सही आहे, लक्षात ठेवा."

"उघडणार नाही."

"मला माहीत आहे. तरी सांगून ठेवलं."

आज सकाळी शंभू आला. पिशवी देऊन म्हणाला, "काका, मग? घेतलं का तिने नीलला?"

"कळलं नाही अजून."

"लई ताणलं बुवा तुम्ही," तो म्हणाला आणि खाली गेला.

दूध तापवलं, लोणच्याची एक फोड घेऊन पोळी खाल्ली, पुस्तक उघडलं. चिमट्यापर्यंतची पानं मी आता तिसऱ्यांदा वाचतो आहे. पान दोनशे एकोणतीस ते दोनशे एकोणचाळीस ही अकरा पानं वाचायची राहिली आहेत.