रुमालावरचा निळा डाग

"फुंक बेटा, फुंक! बीजात शिरलेलं विष बाहेर येऊ दे!"

कपाटं रंगवायच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत अर्कबाबाभोवती गर्दी जमली होती. रंगाऱ्याने बाबाच्या नळीतून पेल्यात फुंकर मारली आणि पाणी तपकिरी झालं. सगळ्यांनी आ वासला. बाबाने बाटलीतले चार थेंब टाकताच पाणी पुन्हा नितळ.

"याला म्हणतात अँटिऑक्सिडंट! बीजाभोवती कवच! आता थिनरच्या पिंपात बुडी मार, वंश सुरक्षित!"

गेल्या महिन्याभरात निम्म्या कारखान्याने हे कवच चढवलं होतं आणि मास्क खिळ्याला टांगले होते. रंगाऱ्यानेही.

त्याला कवच हवंच होतं. तपासणीत त्याचे शुक्राणू कमी निघाले होते. मास्क लावा, वाफ टाळा, तीन महिन्यांनी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हे त्याने घरात सांगितलंच नाही. आई सुनेला वांझ म्हणत राहिली आणि हा मूग गिळून बसला. शेवटी बायको माहेरी गेली. जाताना मात्र याचे सहा रुमाल खळ घालून, इस्त्री करून ठेवून गेली. आता जेवताना तो रेडिओ लावायचा, कुणीतरी बोलावं म्हणून.

सहाव्या रुमालाची घडी त्याने आजवर मोडली नव्हती. आज शुभ म्हणून आणला होता. तोंड पुसताना नळीतला तपकिरी थेंब रुमालावर पडला आणि बघता बघता निळाकाळा झाला. शर्टावर उडालेला थेंब मात्र तपकिरीच राहिला. वीस वर्षं रंग कालवणारा माणूस तो. असला रंग त्याने कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी, जिथे त्याची तपासणी झाली होती त्या केंद्रातल्या बाईंना त्याने रुमाल दाखवला आणि बाबाच्या नळीची, थेंबांची हकीकत सांगितली. त्यांनी जखमेवर लावायचं आयोडीन आणून दुसऱ्या कोपऱ्यावर टेकवलं. तसाच निळा डाग.

"खळीवर आयोडीन निळंच होतं. नळीत आयोडीनने भिजवलेला कापसाचा बोळा असणार, फुंकलं की रंग पाण्यात उतरतो. आणि हे तुमच्या बाबाचे थेंब." त्यांनी आयोडीनच्या पाण्यात सी जीवनसत्त्वाची गोळी चुरून टाकली. पाणी नितळ झालं.

"म्हणजे थेंब विष मारतात की, बाई!"

"पेल्यातला रंग मारतात. पेला म्हणजे शरीर नव्हे. अशा जीवनसत्त्वांनी थोडाफार बचाव होतो का, यावर अभ्यास चालू आहेत. पण मास्क काढा, असं कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही लावता ना?"

रंगाऱ्याला खिळ्यावरचा मास्क आठवला.

दुसऱ्या दिवशी बाबाभोवतीच्या गर्दीत त्याने कोरी नळी नेली. गालफडं दुखेपर्यंत फुंकलं, पाणी नितळच.

"बाबा, आता तुमच्या नळीतून तुम्ही फुंका. तुम्ही तर थिनर हुंगलेला नाही!"

बाबाला अचानक दुसऱ्या गावचे भक्त आठवले. पळापळीत नळी पडून फुटली आणि आतला तपकिरी बोळा सगळ्यांनी पाहिला.

"अरे, विष नाकातून आत जातं," रंगारी म्हणाला. "मग अडवायचं नाकावरच! डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका, का झालं ते विचारा." बोलता बोलता त्याला स्वतःचीच लाज वाटली. तोही अजून एक गोष्ट लपवून होता.

घरी गेल्यावर त्याने रेडिओ लावला नाही. बायकोला फोन केला.

"दोष माझ्यात निघाला होता. मला ठाऊक होतं. तुला बोलणी खाऊ दिली."

पलीकडून तिने विचारलं,

"तो रिपोर्ट आहे अजून?"

"आहे. रेडिओखाली."

"मग आधी आईंना दाखवा," ती म्हणाली. "माझं नंतर बघू."

त्याने रेडिओ उचलला.