पायांखालची ऊब

मी एक जुनी पायशेगडी आहे. मित्रांनो, नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. ओकच्या लाकडाची पाटाएवढी पेटी, झाकणाला फुलाच्या आकारात पाडलेली भोके, एक बाजू उघडी आणि आत निखाऱ्यासाठी मातीचे भांडे, असे माझे रूप होते. नेदरलँड्सची थंडी हाडांत शिरते. म्हणून इथल्या बायका खुर्चीत बसल्या की पाय माझ्यावर ठेवत आणि घोळदार झग्याने मला झाकून घेत. त्या उबदार अंधारात माझे बालपण गेले. बाहेरचे काही दिसत नसे, त्यामुळे मी माणसे पायांवरून ओळखायला शिकले. चेहऱ्यांवर माझा आजही फारसा विश्वास नाही.

न्यूनेन गावच्या एका सुताराने मला कोर्नेलियाच्या लग्नासाठी घडवले. तो व्हिक्टोरिया राणीचा काळ. राणी समुद्रापलीकडे इंग्लंडात राहायची, पण चांगली बायको कशी असावी याच्या कल्पना इकडेही तशाच होत्या. तिने घर लखलखीत ठेवावे, नवरा दमून आला की हसतमुखाने सामोरे जावे, आवाज चढवू नये आणि उंबऱ्याबाहेरच्या गोष्टींत नाक खुपसू नये. अशा बाईला लोक घराची देवता म्हणत. देवतेने एका जागी बसायचे असते, आणि तिला तिथे बसवून ठेवायला मी होतेच.

कोर्नेलिया लग्नाआधी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न झाले आणि शाळा सुटली. ती दिवसभर खिडकीपाशी मोजे विणत बसे. माझा निखारा मंद फुलायचा, वरून सुयांची टिकटिक यायची आणि तिच्या टाचा माझ्यावर हलकेच ताल धरायच्या. ओठांतल्या ओठांत ती नद्यांची नावे म्हणत असे. ऱ्हाइन, मास, डोमेल. एकेका नदीला एकेक ठोका. त्या गुंगीत मलाही नद्या दिसायच्या. मी साधी लाकडाची पेटी, पण कितीदा तरी स्वप्नात वाहत जाऊन समुद्राला मिळाले. पुन्हा वर्गात उभे राहावे असे तिला फार वाटे. ते माझ्याशिवाय कुणालाच कळले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

पुढे घरोघरी खोल्या तापवणारे रेडिएटर आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला. नंतर कुणीतरी माझ्यावर कुंडी ठेवली, आतले मातीचे भांडे फुटले, आणि अखेर मी जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडले. तिथे मला शर्मिलाने उचलले.

शर्मिला पुण्याची. तिकडे ती पुलांचे आराखडे काढायची. नवऱ्याला, विनयला, न्यूनेनशेजारच्या आइंडहोवन शहरात नोकरी लागली तशी ती त्याच्यामागून इथे आली आणि मुलगी ईशानी, तिची शाळा, डबे यांत छान रमली, असे सगळे म्हणत. झाकणावरचे फूल पाहून तिला वाटले, हा तर चौरंग. तिने मला पुसून तेलपाणी केले आणि माझ्यावर देव मांडले. जन्मभर पाय झेलले आणि आता डोक्यावर बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा! मी हरखून गेले. पण खरे सांगू का? देवांचे पाय पितळेचे. ते कधी गारठले म्हणून कुरकुरत नाहीत. मला जरा चुकल्याचुकल्यासारखे व्हायचे.

मग ती महामारी आली. विनयची आई, शैलाआजी, थोड्या दिवसांसाठी आली होती, ती विमाने बंद झाल्याने अडकली. शाळा घरात आली, ऑफिसही घरात आले. घरात शांत खोली एकच होती, ती विनयने घेतली.

रामनवमीला छान ऊन पडले, म्हणून आजीने देवांसकट मला मागच्या बागेत नेले. कुंपणापलीकडून शेजारच्या डच बाई, अनेके, बघत होत्या. त्या हसल्या आणि डच भाषेत काही बोलल्या. ईशानीने आजीला सांगितले, "आजी, ती म्हणते it's for feet. तिची ओमा, म्हणजे आजी, त्याच्यावर feet ठेवून बसायची. All day."

"पाय?" आजीने देव तिथल्या तिथे स्टीलच्या ताटात घेतले. "अगं बाई! आणि मी रोज यावर फुलं वाहतेय." त्या दिवसापासून मी दाराजवळ चपलांच्या शेजारी. मी मुळूमुळू रडले असते, पण सुक्या लाकडात पाणी कुठून येणार?

तिथेच एका संध्याकाळी मी जिन्याखालचे बोलणे ऐकले.

"विनय, उद्या सकाळी माझा इंटरव्ह्यू आहे. पुलांचंच काम आहे. खोली मिळेल?"

"उद्या? अगं, क्लायंट कॉल आहे. रीशेड्यूल नाही का होणार?"

"एकदा केलाय. परत नाही करणार ते."

"मग किचनमध्ये बस ना. बॅकग्राउंड ब्लर कर."

किचनमध्ये ईशानीची शाळा आणि कुकरच्या शिट्ट्या. शर्मिला पायरीवर बसली. तिचे अनवाणी पाय माझ्याशेजारीच होते. टाचा फरशीवर ताल धरत होत्या आणि मला एकदम कोर्नेलिया आठवली. "राहू दे," ती म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणून कळवते."

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काही कळवू नकोस. विनय, उद्या तू किचनमध्ये बस."

"आई, तुला माहीत नाही, माझा कॉल..."

"लग्नानंतर मला पोस्टात नोकरी लागली होती. माझ्या सासूबाई म्हणाल्या, मग चहा कोण करणार? मी गेले नाही. इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. उद्या तू किचनमध्ये बसायचंस, आणि चहाही तूच करायचास."

विनय आपल्या वायरी गुंडाळू लागला.

सकाळी शर्मिला त्याच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची उंच डच माणसांच्या मापाची, तिचे पाय अधांतरी लोंबत होते. आजीने मला चपलांजवळून उचलले, गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी माझ्या पोटात सरकवली आणि मला टेबलाखाली ठेवले.

"आई, नको. यावर देव होते."

"देव ताटात मजेत आहेत. तुझे पाय बर्फ झालेत. ठेव."

तिने पाय टेकवले. पडद्यावरून कुणीतरी प्रश्न विचारला आणि टाचांनी ताल धरला. मी जमेल तेवढी ऊब वर पाठवत राहिले. मग शर्मिला बोलू लागली. खांब, कमानी, पाण्याचा दाब, कुठल्याशा नदीवरचा तिचा पहिला पूल. ती बोलत गेली आणि तिचे पाय हळूहळू शांत झाले. कोर्नेलियाचे पाय माझ्यावर कधीच असे शांत झाले नव्हते.

नोकरी मिळाली. पुण्याहून देवांसाठी खरा चौरंग आला. विमाने सुरू झाल्यावर शैलाआजी परत गेली. जाण्याआधी एक दुपारभर ती माझ्यावर पाय ठेवून नुसती बसून राहिली, आणि विनयने केलेला चहा प्यायली. आता मी शर्मिलाच्या टेबलाखाली असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, फेकू नका, एवढे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणे आहे. आज घरी गेलात की जरा खाली वाकून बघा, तुमच्या घरात कुणाचे पाय गार पडलेत. आणि तिला विचारा, तिला कुठे जायचे होते.