ब्रेक उजव्या पायाला

मी मोटरसायकल बोलतेय, आणि जरा घाईत बोलतेय. ताई आत हेल्मेट आणायला गेली आहे. ती आली की आम्ही निघणार, आणि गल्ली संपली की लगेच मोठा उतार लागतो. त्याआधी मला माझं सगळं सांगून टाकायचं आहे. एक गोष्ट अशी आहे की ती फक्त मला माहीत आहे, आणि तिला.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. ज्या गाड्या ते आठवतात म्हणून सांगतात, त्या थापा मारतात. मला आठवतो तो माझा पहिला मालक. तो जमिनी मोजायचा. मागच्या सीटवर फीत आणि खुंट्या बांधून तो मला शेतांच्या कडेने, दगडांतून, कुठेकुठे न्यायचा. नऊ वर्षं त्याने माझं ऑइल एकदाही उशिरा बदललं नाही. त्याला बढती मिळाली, ऑफिसची जीप मिळाली, आणि मी विकली गेले. जाताना त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. माझी हरकत नव्हती, पण वाईट वाटलं.

दुसरा मालक वायरमन. माणूस मनाने सोन्यासारखा, पण कायम घाईत. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, एक हात हँडलवर, दुसरा बोलण्यात. एका दुपारी वळणावर कुणीतरी वाळू सांडून ठेवली होती. मी घसरले आणि त्याच्यासकट डाव्या अंगावर पडले. त्याचं कमरेचं हाड मोडलं. माझ्या टाकीला पोचा आला, तो अजून आहे. वायरमन सहा महिन्यांनी चालायला लागला, पण त्याच्या बायकोने सांगून टाकलं की या घरात एक तर ती गाडी राहील नाही तर मी. तिचंही बरोबर होतं.

अशी मी मिस्त्रींच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये आले आणि ताडपत्रीखाली दीड वर्ष उभी राहिले. तिथे मी कानाला खडा लावला, की पुन्हा कुणाला पाडायचं नाही. आता मोटरसायकलने असा निश्चय करून काय उपयोग, हे मलाही कळतं. ते माझ्या हातात कुठे असतं?

अधूनमधून गिऱ्हाईक यायचं. गाडी घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी टायरला लाथ का मारतो, हे मला अजून समजलेलं नाही. एकाने पोचा पाहून तोंड वाकडं केलं. एकाने फक्त अ‍ॅव्हरेज विचारलं, दोनदा. शेवटी मिस्त्री एक दिवस म्हणाले, ‘‘या महिन्यात नाही गेली तर सुटे भाग काढून विकून टाकतो.’’ ते माझ्यासमोरच म्हणाले.

गेल्या बुधवारी ताई आली. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, पायात बूट. सोबत तिचा धाकटा भाऊ, स्कूटरवर. ती नर्स आहे. तिचा वॉर्ड बंद झाला आणि आठ महिने ती घरी बसून होती. आता एका दवाखान्याने तिला काम देऊ केलं होतं. टेकडीवरच्या वस्त्यांत जे लोक अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. अट एकच, वाहन स्वतःचं हवं. आणि सोमवारी हजर व्हायचं, नाही तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार.

‘‘ताई, स्कूटर घे ना,’’ भाऊ म्हणत होता. ‘‘सव्वीस वर्षांत हात लावला नाहीस तू मोटरसायकलला.’’

‘‘त्या रस्त्याला छोटी चाकं टिकत नाहीत रे. मी चालत जाऊन पाहून आलेय.’’

तिने मला लाथ मारली नाही. आधी इंजिनावर तळहात ठेवला. ते थंड होतं, कारण थंड गाडी सुरू होताना कुरकुरते हे झाकायला मिस्त्रींनी मला आधीच तापवून ठेवलं नव्हतं. तिने मान हलवली. चेन बोटाने उचलून ढिली किती ते पाहिलं, पुढचं चाक धरून हलवलं, खाली वाकून ऑइल गळतंय का बघितलं. मग समोर उभी राहून एक डोळा मिटून हँडल आणि चाक एका रेषेत आहेत का ते पाहिलं.

‘‘पडलेली आहे का?’’ तिने विचारलं.

‘‘पडलेली आहे,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘लपवत नाही. हँडल बदललंय, चासी सरळ आहे. म्हणून तर या भावात देतोय.’’

भाव तिच्या आवाक्यातला होता. कागद नीट होते. तिचं लायसन चालू होतं, दर वेळी न चुकता नवं करून घेतलेलं. अर्धा तास तिने माझी अशी उलटतपासणी घेतली की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. मी पास झाले. तिची तपासणी करायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही, ना तिच्या, ना मिस्त्रींच्या.

घेण्याआधी एक फेरी मारून पाहायचं ठरलं. पहिल्या किकला मी सुरू झाले. ताई हसली. भाऊ स्कूटरवर मागे निघाला. फाटकाशी तिला थांबायचं होतं, तेव्हा तिने डावा पाय दाबला. माझा गिअर पडला, मी हिसका खाल्ला आणि बंद पडले.

‘‘क्लचची सवय गेलीय,’’ ती स्वतःशीच म्हणाली.

क्लचचा काही संबंध नव्हता. डावा पाय गिअरचा, उजवा ब्रेकचा. ती थांबायला डावा पाय का दाबते? पण मला सांगता येत नाही. मला फक्त आवाज करता येतो, आणि तो सगळ्यांना सारखाच वाटतो.

रस्त्यावर तिने छान चालवलं. वळणं अशी घेतली की जमिनी मोजणाऱ्याची आठवण झाली. तिसऱ्या गिअरमध्ये आम्ही उताराला लागलो, आणि खालच्या फाटकातून पाण्याचा एक टँकर उलटा, पाठमोरा रस्त्यावर यायला लागला. ड्रायव्हरचं लक्ष दुसरीकडे होतं.

ताईचा डावा पाय खाली गेला. जोरात. तिथे ब्रेक नव्हता. गिअर दुसऱ्यावर पडला, इंजिन किंचाळलं. तिने पुन्हा दाबला. पहिला गिअर. मागचं चाक रस्ता खरवडत आडवं व्हायला लागलं. उजवा पाय ब्रेकच्या दांडीवर नुसता ठेवलेला होता. मला वायरमन आठवला. मी इंजिनात होता नव्हता तेवढा जोर लावून चाक धरून ठेवलं, आणि तेवढ्यात तिच्या उजव्या हाताने पुढचा ब्रेक आवळला. टँकरच्या मागच्या नळापासून वीतभर अंतरावर आम्ही उभे राहिलो. टँकर गेला निघून. त्याला काही कळलंही नाही.

भाऊ धावत आला. पांढराफटक पडला होता. ‘‘काय झालं? ब्रेक लागला नाही का?’’

‘‘नाही लागला,’’ ती म्हणाली.

‘‘तरी मी सांगत होतो. खटारा आहे खटारा. मिस्त्रीला आता दाखवतो.’’

मला राग आला, खरं सांगते. माझा ब्रेक उत्तम होता. तो कुणी दाबलाच नव्हता.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी खाली बसून हाताने ब्रेक दाबला, चाक फिरवून पाहिलं, पुन्हा दाबला. ‘‘ताई, ब्रेक तर कडक आहे.’’

भाऊ त्यांच्याशी भांडत होता. ताई आपल्या बुटांकडे बघत होती. ती गप्प राहिली असती तर सगळा दोष माझ्यावर आला असता, तिच्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं, आणि मी सुट्या भागांत गेले असते. खरं बोलली असती तर भाऊ म्हणाला असता की तू मोटरसायकलवर बसूच नकोस. मग सोमवारही गेला असता.

‘‘थांब रे,’’ ती म्हणाली. ‘‘गाडीचं काही चुकलं नाही. मी डावा पाय दाबला. बाबांच्या गाडीला ब्रेक डावीकडे होता.’’

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. ‘‘त्या जुन्या गाडीवर शिकलात होय? गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. पहिलं हेच विचारायला हवं होतं मी. केस पांढरे झाले या धंद्यात, आणि विसरलो.’’

‘‘मग विषय संपला,’’ भाऊ म्हणाला. ‘‘नको ती नोकरी.’’

‘‘तू पोसणार आहेस मला?’’

‘‘पोसेन की.’’

‘‘मला नाही पोसून घ्यायचं.’’

मग मिस्त्रींनी मला ओढून डबल स्टँडवर लावलं. ‘‘बसा हिच्यावर. इंजिन बंद. हा तुमचा भाऊ मागे उभा राहून ओरडेल, तुम्ही ब्रेक दाबायचा. रोज या. ज्या दिवशी शंभरातले शंभर वेळा उजवा पाय पडेल, त्या दिवशी चावी देईन. एक कमी पडला तरी देणार नाही. मग माझी गाडी सडली तरी चालेल.’’

मला ते शेवटचं वाक्य आवडलं नाही, पण माणूस आवडला.

गुरुवारी शंभरात एकतीस वेळा डावा पाय पडला. शुक्रवारी चौदा वेळा. भाऊ आधी तोंड पाडून ओरडायचा, ‘‘थांब.’’ मग त्याला त्यात रस आला. ‘‘कुत्रं!’’ ‘‘ट्रक!’’ ‘‘म्हातारी आली मध्ये!’’ मध्येच तो घरच्या गप्पा काढायचा, तिचं लक्ष उडालं की ओरडायचा. शेजारच्या दुकानातले लोक हसायचे. ताई हसत नव्हती. बुटाच्या आत तिची बोटं आवळलेली मला जाणवायची. शनिवारी तीन.

काल रविवार. मिस्त्री माझ्या उजव्या बाजूला उकिडवे बसले, नजर ब्रेकच्या दांडीवर. भाऊ मागे. मोजणी सुरू झाली. पन्नास. साठ. ऐंशी. पंच्याऐंशीच्या पुढे कधीतरी भाऊ एकदम टाळी वाजवून ओरडला. ताईचा उजवा पाय ब्रेकवर पडला, बरोबर, जोरात. पण त्याच क्षणी डावाही पडला होता. नुसतं टोक, गिअरच्या दांडीवर, इतकं हलकं की खट् असा आवाजही झाला नाही. डावीकडे बघायला कुणीच नव्हतं. मिस्त्रींनी पुढचा आकडा म्हटला.

ताई क्षणभर थांबली. मला वाटलं, सांगेल. तिने नाही सांगितलं. पुढचे सगळे बरोबर पडले. शंभर झाल्यावर भाऊ इतका खूश झाला की त्याने तिला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. मिस्त्रींनी चावी दिली. ती घेताना तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

मी तिला दोष देत नाही. आठ महिने घरी बसलेल्या माणसाला मी काय शिकवणार? पण रात्रभर मला एकच काळजी होती, आणि ती अजून आहे.

आली ती. हेल्मेट घातलं. औषधांची पेटी मागे बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. खिडकीतून भाऊ बघतोय. त्याच्याकडे हात हलवून ती माझ्यावर बसली आहे, आणि आता चावी फिरवायच्या आधी खाली वाकून टाकीशी पुटपुटतेय, ‘‘काल डावा पाय एकदा हलला होता. तुला कळलं असेलच. हा आठवडा मी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाणार नाही.’’

कळलं होतं, ताई. तू बोललीस, बरं झालं. इंजिन मी सांभाळते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मी तुला जमेल तेवढं धरून ठेवीन, चाक घसरू देणार नाही, मध्येच बंद पडणार नाही. वर ज्या म्हाताऱ्याची जखम तुझी वाट बघतेय तिथपर्यंत तुला नेईन आणि परत आणीन. एवढं सगळं मी करते. पण ब्रेक दाबायला मला पाय नाही. तो तुझाच लागेल. निघालो आपण. गल्ली संपली बघ. उजवा, ताई. उजवा.