अस्तरातली सनद

मित्रांनो, मला सात बटणं आहेत, आणि बोरी गावात माझ्या जातीचं दुसरं कोणी नाही. मी व्यंकटराव देशमुखांची काळी शेरवानी. आता जुनी झालेय. मानवतच्या एका दर्जीने मला व्यंकटरावांच्या मापाने शिवलं, पण घातलं सगळ्या गावाने. ज्याला कुणाला सरकारी माणसापुढे उभं राहायचं असे, तो आदल्या दिवशी मला मागून नेई. त्यामुळे माझी बाही कुणाच्या नखांपर्यंत यायची, तर कुणाच्या कोपराखाली चार बोटांवरच थांबायची.

निजामाचं राज्य होतं. दफ्तराची भाषा उर्दू, शाळेचीही उर्दू, आणि हैदराबादला तर एक आख्खं विद्यापीठ होतं, जिथे डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवत. तिथे शेरवानीशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता.

धुरपताबाईंच्या मुलाला, वैजीनाथला, तिथेच जायचं होतं. बोरीतून मॅट्रिक झालेला तो पहिला. त्या साली विद्यापीठाचे एक मुन्शी अर्ज तपासायला परभणीला येणार होते. एकच दिवस, तोही जोहरच्या अजानपर्यंत, म्हणजे दुपारच्या नमाजाची बांग होईपर्यंत. अर्ज दाखल झाला तर हैदराबाद. नाही झाला तर चुलत्यांनी नांगर तयार ठेवलाच होता. त्याची मूठही त्यांनी वैजीनाथच्या उंचीला बसवून घेतली होती.

निघायच्या आदल्या दिवशी धुरपताबाईंनी मला मांडीवर घेतलं. डावीकडचं अस्तर उसवलं, मॅट्रिकची सनद आत सरकवली आणि गोधडीच्या टाक्याने शिवून टाकली. नुसती कड नव्हे, कागदासकट सगळं. तीस वर्षं त्या गोधड्या शिवत आल्या होत्या. एकदा सुरू झालेला हात मधे कसा थांबणार?

हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या भावाला, मुंजाजीला.

"पोराला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "त्याला कळलं की हात सारखा तिथंच जाईल बघ, आन् चोराला आयताच पत्ता. सायबाच्या पुढं उभा राहिला, मंगच सांग."

"मंगच सांगतो, आक्का," मुंजाजी म्हणाला.

माणूस शब्दाचा लय पक्का. मला त्याचीच धास्ती वाटत होती.

वैजीनाथच्या हाती त्यांनी एक गाठोडी दिली. सनद तिच्यात आहे अशी त्याची समजूत. तिच्यात गेल्या सालचं पंचांग होतं. चोरालाही काहीतरी मिळायला हवं, असा बाईंचा हिशेब.

बैलगाडीने परभणी गाठली. वाटेत चोर भेटलाच नाही, आणि माझी उरलीसुरली आशा गेली. त्याने गाठोडी पळवली असती तर मुंजाजीला तोंड उघडावंच लागलं असतं.

मुन्शींच्या खोलीच्या दारात चपराशी उभा होता.

"शेरवानी है तो अंदर. नै तो बाहर."

"आमी मामा हाव त्याचे," मुंजाजी म्हणाला.

"मामू को बी शेरवानी लगती."

शेरवानी एकच होती, आणि ती मी होते. म्हणजे कागद कुठे आहे हे ज्याला ठाऊक तो बाहेर राहिला, आणि ज्याच्या छातीवर कागद तो काही ठाऊक नसताना आत गेला. वैजीनाथ रांगेत लागला. त्याच्या प्रत्येक श्वासाला मी आतून कुरकुर आवाज करत होते. त्याला वाटलं, खळ जास्त झालीय.

पुढे सतरा जण होते. ते सरले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मुन्शींनी हात पुढे केला. वैजीनाथने गाठोडी सोडली.

मुन्शींनी आतलं पंचांग उलटंसुलटं केलं. "ये क्या है?"

वैजीनाथ म्हणाला, "जनाब, पंचांग."

"मॅट्रिक इसने पास किया?"

मुन्शींनी खिडकीबाहेर पाहिलं. "अजान तक मोहलत है."

वैजीनाथ धावत बाहेर आला. मुंजाजी पायरीवर सुपारी कातरत बसला होता.

"मामा, सनद न्हाई गाठोडीत."

"सायबापुढं उभा राहिलास का?"

"राहिलो."

"मंग सांगतो," मुंजाजी म्हणाला, आणि अडकित्ता पुसून त्याने सांगितलं.

वैजीनाथने पहिल्या बटणाला हात घातला. चपराशी खाकरला. "उतारे तो फिर बाहरवाले." त्यामुळे त्याला दारात उभं ठेवून मला अंगावरच उघडावं लागलं. टाका दातांनी तुटेना. धुरपताबाईंचा दोरा होता तो, त्यांच्या गोधडीवर पोरं नाचली तरी तुटत नसे.

"व्यंकटरावाची हाय मामा ही," वैजीनाथ म्हणाला. "फाटली तर?"

"नांगर कुणाचा हाय?" मुंजाजीने विचारलं आणि अडकित्ता घातला.

लागलं मला, मित्रांनो. पण त्याच क्षणी मशिदीवरून आवाज उठला, आणि मी मनात म्हटलं, अजून काप.

वैजीनाथ आत शिरला तेव्हा माझी आतडी गुडघ्यापर्यंत लोंबत होती. मुन्शी दौतीला बूच लावत होते. त्यांनी सनद उजेडात धरली. तिच्यावर टाक्याच्या भोकांच्या अकरा ओळी होत्या. दोन तर थेट मोहरेतून गेल्या होत्या.

"किसने सिया?"

"माँ ने."

मुन्शींनी भोकांवरून बोट फिरवलं. बाहेर अजान संपत आली होती.

"फटी हुई सनद ना लेने का हुकुम है," ते शेवटी म्हणाले. "छेदों के बारे में कोई हुकुम नहीं." आणि बूच काढून त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

बोरीला परतल्यावर वैजीनाथने मला व्यंकटरावांच्या पुढे ठेवलं आणि मान खाली घातली. त्यांनी अस्तरात हात घालून पाहिला, तो मागून बाहेर आला.

"हैदराबादला रोज काय घालणार हायेस?" त्यांनी विचारलं. व्यंकटरावांनी मला त्याच्याकडे सरकवलं. शेरवानीविना तहसिलीत जाता येईना, म्हणून त्यानंतर कित्येक वर्षं तिथल्या दफ्तरात व्यंकटराव आजारी होते.

विद्यापीठाच्या बाकांवर घासून माझे कोपर चकचकीत झाले. वैजीनाथ डॉक्टर होऊन गावी आला. मग अठ्ठेचाळीस साल आलं, निजामाचं राज्य गेलं, आणि शेरवान्या पेट्यांच्या तळाला गेल्या. कुणी म्हणालं, जाळून टाका. डॉक्टरांनी मला खुंटीवर ठेवलं. मित्रांनो, कापडावर राग धरू नका. ते कुणाच्याही राज्यात थंडीच अडवतं.

आणि एक. वैजीनाथ हैदराबादला निघाला तेव्हा धुरपताबाईंनी या खेपेला काहीच न लपवता त्याला लाडू कुठे, लोणचं कुठे, धोतर कुठे, हे तीन-तीनदा सांगितलं. तो वैतागला. गाडी वेशीपर्यंत गेली तरी त्या मागून सांगतच होत्या. आता त्या नाहीत. तुमच्या घरी कुणी एकच गोष्ट तीनदा सांगत असेल, तर चौथ्यांदाही ऐका.