पडद्याआडचा व्हॉल्व्ह

जुन्या अँप्लिफायरची पोटं उघडून सोल्डरिंग करायचं ते मिस्त्रीणबाईंनी, आणि काचेच्या दिव्यासारखा दिसणारा कुठला व्हॉल्व्ह कुठे शोभतो ते ऐकून ठरवायचं त्यांच्या नवऱ्याने, ही वाटणी लग्नापासूनची. अख्खी गल्ली नवऱ्याला कानसेन म्हणे, आणि तेही ते नाव नव्या टोपीसारखं मिरवत.

अलीकडे मात्र मिस्त्रीणबाईंना त्या कानांची शंका येऊ लागली होती. किटली शिट्ट्या मारून थकायची आणि कानसेन शेजारी बसून निवांत पेपर वाचत असायचे. पण दुकानात नेम कधी चुकत नव्हता. मान तिरकी करून ते बरोब्बर सांगायचे, हा खरखरतो, तो बरा. म्हणून बाईंनी मनाची समजूत घातली होती: किटलीचं काय, तिचं आपणही ऐकत नाही.

आज गिऱ्हाईक म्हणून साक्षात व्याही आले होते, लेकीचे सासरे. त्यांना प्रीअँपसाठी डावा-उजवा असे दोन जुने व्हॉल्व्ह हवे होते. प्रीअँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरच्या आधीच्या टप्प्यात, आवाज अगदी कोवळा असतो. तिथला व्हॉल्व्ह जरा सरसरला, की ती सरसर मोठी होऊन पुढे थेट कानावर आदळते.

"कानसेन, तुम्ही काचेवरचं कंपनीचं नाव वाचता नि मग मान डोलावता," व्याही म्हणाले. "आज मध्ये पडदा. विहीणबाई मागे व्हॉल्व्ह बदलतील, तुम्ही नुसतं ऐकायचं."

"लावा की! कर नाही त्याला डर कशाला?" कानसेन म्हणाले खरे, पण बायकोकडे त्यांनी असं पाहिलं, जसं पोर शाळेच्या फाटकातून आईकडे बघतं.

बाईंनी दोरीवर चादर टाकली. पहिला, नावाजलेल्या कंपनीचा व्हॉल्व्ह लावला, संथ गाण्याची रेकॉर्ड वाजवली, मग यंत्र बंद करून दुसरा बसवला. त्याची तार केशरी झाली आणि गाण्यामागे कुणी कागद चुरगळत बसावं तशी सरसर सुरू झाली.

"वा! हाच!" पलीकडून कानसेन. "काय शांतता आहे!"

व्याही नुसते खोकले.

"अहो, थांबा," बाई घाईने म्हणाल्या. "माझीच चूक. पिना नीट बसल्या नव्हत्या."

चादर सरकली आणि कानसेनांचं डोकं आत आलं. "तू कधी अर्धवट बसवल्यास पिना? नाही गं. चादरीने घात केला. व्हॉल्व्ह खरखरला की तुझी डावी भुवई वर जाते. बरेच दिवस मी तीच ऐकतोय."

बाईंना आधी राग आला, मग रडू येईल असं वाटलं, आणि आलं हसू. "म्हणजे मला शंका आलीय हे तुम्हाला कळू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसले..."

"आणि तुला कळू नये म्हणून मी."

"छान!" व्याही म्हणाले. "कान विहीणबाईंचे, मान तुमची. पण माझे व्हॉल्व्ह द्या की आता!"

कानसेन उठले. आपल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बस."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"भुवईला कळतं, तर बाकीच्या तोंडालाही कळत असेल."

बाई बसल्या, कानसेन चादरीमागे गेले. पडद्याआडून "आई गं!" आलं.

"फडकं घ्या हातात, तापलेले असतात ते!"

त्यांनी डोळे मिटले. पहिला व्हॉल्व्ह पुन्हा लागला. गुळगुळीत, अगदी शांत, पण गाणारीला कुणी चार पावलं मागे उभं केल्यासारखं. मग तिसरा. त्यात नावाला सरसर होती, पण गाणारीने श्वास घेतला तेव्हा बाईंचा स्वतःचा श्वास अडकला.

"हा," त्या म्हणाल्या, आणि आपली कुणी चूक काढेल म्हणून वाट पाहू लागल्या.

"अगं, हा साधाच आहे," पडदा म्हणाला. "त्यापेक्षा पहिल्याचं नाव..."

"नाव मला ऐकू येत नाही."

व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "हाच द्या! आणि सूनबाईला काय सांगू घरी?"

"सांगा, बाबांना बढती मिळाली," कानसेन म्हणाले. "आता ते व्हॉल्व्ह बदलतात."

"उजवीकडचा निवडायचाय अजून," मिस्त्रीणबाई खुर्चीत ऐसपैस रेलून म्हणाल्या. "आणि आधी यंत्र बंद करा हं."